चार संगणकांच्या घरात परवाना नेमके काय मोजतो : कोथरूडमधील एक प्रकरण

२०२५ च्या मे महिन्यातील वळवाच्या पावसात, विजांच्या एका कडकडाटानंतर, कोथरूडमधील एका घरात संगणकाचा मदरबोर्ड जळाला. टिळक रस्त्यावरील दुकानातून नवा बोर्ड आणि प्रोसेसर बसवून यंत्र दोन दिवसांत सुरूही झाले. मात्र पुढील तीन आठवड्यांत त्या घरातील संगणक एकामागून एक सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तक्रारी करू लागले, आणि जूनच्या मध्यास मला बोलावणे आले तेव्हा घरच्यांची ठाम समजूत झालेली होती, की नव्या बोर्डामुळे किंवा दुकानदाराने केलेल्या कशामुळे तरी सगळ्या यंत्रांना एकदम बाधा झाली आहे. घरगुती संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. अशी एकगठ्ठा तक्रार मी पूर्वीही पाहिली आहे, आणि तिच्यामागे सहसा एकच कारण नसते. या घरात पाच निघाली. कुटुंबाच्या परवानगीने ते प्रकरण येथे मांडत आहे; ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात माणसे पाच. वडील (त्यांना मी काका म्हणतो) बँकेतून निवृत्त झालेले असून स्वतःच्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब विनामोबदला आणि आणखी दोन संस्थांचे मानधन घेऊन पाहतात. आई (म्हणजे काकू) गेली वीसहून अधिक वर्षे घरातूनच मराठी अक्षरजुळणीचे काम करते. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने, छोट्या प्रकाशकांची पुस्तके. मुलगी हिंजवडीत नोकरीला, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, आणि ऐंशी पार केलेली आजी. संगणक चार : आईचा २०१९ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप (ज्याचा बोर्ड जळाला तो), वडिलांचा २०२२ चा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, आणि मुलीच्या कॉलेजच्या काळातला २०१४ चा जुना लॅपटॉप, ज्यावर आता आजी कीर्तने ऐकते. मुलीचा ऑफिसचा लॅपटॉप मी या मोजणीत धरला नाही आणि त्याला हातही लावला नाही. तो तिच्या कंपनीचा आहे आणि त्यावर काय असावे हे कंपनीने ठरवायचे.

जेवणाच्या टेबलावर चारही यंत्रे मांडून घेतली आणि काकांना म्हटले, की घरात सॉफ्टवेअरच्या खरेदीचा जो काही कागद असेल तो सगळा काढा. कपाटातून एक फाइल आली आणि फाइलमागून एक प्लास्टिकचे खोके आले. ते होते मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसचे, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या संचाचे : होम अँड स्टुडंट २०१०. काकांनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हे बघा, यावर लिहिलंय. घरातल्या तीन संगणकांवर चालेल. मी पैसे भरून घेतलेलं आहे, मग माझ्याच घरात ते चालायला कोणाची हरकत आहे?"

त्यांचे म्हणणे त्या खोक्यापुरते शंभर टक्के खरे होते. ऑफिसच्या २००७ आणि २०१० या होम अँड स्टुडंट आवृत्त्यांचा परवाना खरोखरच एका घरातील तीन संगणकांसाठी होता. विंडोज ७ चाही २००९ मध्ये निवडक देशांत तीन संगणकांचा 'फॅमिली पॅक' निघाला होता. परवान्याने 'घर' हे एकक मान्य केल्याचे हे काही थोडे प्रसंग. त्यानंतर वारे फिरले. ऑफिस २०१३ चा सुट्या खरेदीचा परवाना प्रथम एकाच संगणकाला कायमचा जखडलेला होता, आणि त्यावर पुष्कळ ओरड झाल्यावर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने तो नव्वद दिवसांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर हलवण्याची मुभा दिली. यंत्र मात्र एकच राहिले. काकांच्या डोक्यातला नियम २०१० चा होता आणि त्यांच्या लॅपटॉपवरचे ऑफिस २०२१ चे. नाव तेच, 'होम अँड स्टुडंट'. नावाखालचा करार मात्र पूर्णपणे बदललेला. मधल्या काळात कोणी त्यांना हे सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी कराराचा तो मजकूर कोणी वाचतो असा माझा अनुभव नाही.

मे महिन्याच्या अखेरीस डेस्कटॉपवर सगळे नव्याने बसवताना काकांनी आपल्या लॅपटॉपबरोबर आलेले हे ऑफिस २०२१ त्यावरही चालवण्याचा प्रयत्न केला होता. ते बसले, उघडले, आणि परवाना आधीच दुसऱ्या यंत्रावर वापरात असल्याचे सांगून अडले. पहिले कारण हे. बोर्डाशी त्याचा संबंध इतकाच, की बोर्ड जळाला नसता तर हा प्रयत्न झाला नसता.

दुसऱ्या कारणाचा मात्र बोर्डाशी थेट संबंध होता. डेस्कटॉपवरील विंडोज सक्रिय होत नव्हते, म्हणजे कंपनीचा सर्व्हर त्याचा परवाना मान्य करत नव्हता. २०१९ च्या बिलावर बारीक अक्षरात 'विंडोज १० होम ओईएम' असे छापलेले होते, आणि या तीन अक्षरांतच सगळा खुलासा आहे. ओईएम परवाना स्वस्त मिळतो, कारण तो ज्या यंत्राबरोबर विकला गेला त्याच यंत्राबरोबर जगतो आणि मरतो, आणि यंत्राची ओळख मुख्यत्वे मदरबोर्डावरून ठरते. रॅम वाढवा, हार्ड डिस्क बदला, चालते. यंत्र बनवणाऱ्यानेच सदोष बोर्ड बदलून दिला तर तोही अपवाद धरला जातो. येथे बोर्ड वीज पडून गेला, हमीची मुदत केव्हाच संपली होती, आणि नवा बोर्ड निराळ्याच पिढीचा होता. तेव्हा करारानुसार तो परवाना जुन्या बोर्डाबरोबर भंगारात गेला. सुटा, म्हणजे रिटेल, परवाना असता तर जुन्या यंत्रावरून काढून तो नव्यावर नेता आला असता. दुकानदाराने फसवले असे म्हणता येत नाही, बिलावर स्पष्ट लिहिले होते. २०१९ मध्ये या दोन परवान्यांतला फरक त्याने तोंडी समजावून सांगितला असता तर बरे झाले असते, एवढेच.

सॉफ्टवेअर यंत्राला बांधण्याची ही पद्धत फार जुनी नाही. १९८० च्या दशकात बोर्लंड कंपनी आपल्या करारात लिहीत असे, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा : ते कोणीही वाचावे, कोणत्याही खोलीत न्यावे, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी ते वाचले जाण्याची शक्यता असू नये. पाळणे न पाळणे ग्राहकाच्या सचोटीवर होते. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आणि ऑफिस एक्सपी यांच्याबरोबर सक्रियीकरण आले, यंत्रातील निरनिराळ्या भागांची ओळख एकत्र करून ती कंपनीकडे पाठवली जाऊ लागली, आणि मोजणी ग्राहकाच्या हातून सर्व्हरच्या हाती गेली. पुस्तकाची ती उपमा काकूंना फार आवडली. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईला ती आवडणारच.

तिसरी तक्रार आजींची होती. "कोपऱ्यात काहीतरी इंग्रजी उमटलंय. किती पुसलं तरी जात नाही." त्यांनी ते खरोखरच ओल्या फडक्याने पुसून पाहिले होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करा अशी फिकट सूचना होती. काळी खिडकी उघडून 'एसएलएमजीआर' आणि तिरकी रेघ देऊन 'डीएलआय' असा आदेश दिला की विंडोज स्वतःच्या परवान्याची जात सांगते. रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम. दोन-तीन सेकंदांनी चौकट आली आणि तिच्यात दुसऱ्याच ओळीत 'व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट' असे आले. घरातील यंत्रावर हे शब्द दिसण्याचे काहीच कारण नाही. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे : संस्थेच्या आवारात एक सर्व्हर असतो, प्रत्येक संगणक त्याच्याकडून १८० दिवसांचा परवाना घेतो आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा पुन्हा नवा करून घेत राहतो. सर्व्हर दिसेनासा झाला की १८० दिवसांनी विंडोज बोलू लागते.

मी मुलाला विचारले, "डिसेंबरमध्ये काय केलं होतंस?" तो क्षणभर गप्प राहिला. मग सांगितले, की डिसेंबरच्या सुट्टीत यंत्र फार मंद झाले म्हणून त्याने मित्राच्या पेनड्राइव्हवरून त्यावर विंडोज १० प्रो बसवले आणि इंटरनेटवर ४९९ रुपयांना मिळालेली 'आयुष्यभराची' की (सक्रिय करण्यासाठी टाकायचा सांकेतिक क्रमांक) यूपीआयने पैसे भरून घेतली. की नुसती टाकून चालली नाही, तेव्हा विक्रेत्याने संगणकाचा दुरून ताबा मागितला, काही मिनिटे काहीतरी केले आणि 'झाले' म्हणून कळवले. डिसेंबरच्या मध्यापासून १८० दिवस मोजले की जूनचा मध्य येतो. आयुष्यभराची की सहा महिने टिकली, आणि विजेच्या कडकडाटाचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. एका अनोळखी माणसाला त्या काही मिनिटांत संगणकात काय काय करता आले असते, हे मी मुलाला थोडे सविस्तर सांगितले; येथे ते विषयांतर होईल.

यातील खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. २०१४ च्या त्या लॅपटॉपबरोबर विंडोज ८.१ आले होते आणि त्याची की चिकटपट्टीवर न छापता यंत्राच्या बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डावरील कायमच्या स्मृतीत, साठवलेली होती. मुलीने २०१६ मध्ये, नव्या विंडोजवर मोफत जाण्याची मुदत २९ जुलैला संपण्याआधी, त्यावर विंडोज १० होम सिंगल लँग्वेज घेतले होते, आणि त्या यंत्राचा डिजिटल परवाना तेव्हापासून मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला होता. मुलाने प्रो आवृत्ती बसवल्यामुळे तो लागू होत नव्हता, इतकेच. मी सगळे पुसून पुन्हा होम सिंगल लँग्वेज बसवले, वायफाय जोडले, आणि कोणतीही की न मागता विंडोज सक्रिय झाले. स्वतःच्या मालकीचा परवाना यंत्रात असताना ४९९ रुपये देऊन त्यावर दुसऱ्याचा लादला गेला होता. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की आता एखाद्या यंत्रावर विंडोज नव्याने बसवण्याआधी त्यावर मूळ कोणती आवृत्ती होती हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

चौथे कारण किरकोळ होते. अँटिव्हायरसचा वर्षभराचा तीन संगणकांचा संच होता आणि डेस्कटॉपवर तो नव्याने बसवताना मर्यादा संपल्याचे सांगत होता. नव्या बोर्डाचा डेस्कटॉप हा त्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चौथा संगणक होता. रेशनकार्डावर मयताचे नाव राहावे तसा जुना डेस्कटॉप यादीत जागा अडवून बसला होता. कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडून तो काढला आणि जागा मोकळी झाली. मुलाच्या लॅपटॉपला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. चौथ्या जागेसाठी मोठा संच घेण्याचे कारण नव्हते.

पाचवी तक्रार टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. काकांकडे टॅलीप्राइमचा सिल्व्हर परवाना आहे, जो एका वापरकर्त्यासाठी असतो. एकाच जागेच्या नेटवर्कवर अनेकांनी वापरायचा असेल तर गोल्ड घ्यावा लागतो. काकूंनी व्हाउचर भरायला मदत करावी म्हणून मुलाने तेच सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर उतरवले होते. ते उघडले, संस्थेची माहितीही दिसली, पण नोंदीची तारीख काही केल्या मनासारखी टाकता येईना. महिन्याचा पहिला दिवस, दुसरा दिवस आणि शेवटचा दिवस, याखेरीज ते काहीच स्वीकारत नव्हते. काकूंना वाटले विजेने कॅलेंडर बिघडले. वस्तुतः परवाना नसलेल्या यंत्रावर टॅली शैक्षणिक पद्धतीने उघडते आणि त्या पद्धतीत नोंदी एवढ्याच तारखांपुरत्या मर्यादित असतात. ज्यांनी टॅलीचा वर्ग केला आहे त्यांना हे माहीत असते; घरात वर्ग केलेले फक्त काका होते आणि तेव्हा ते कामासाठी बाहेर गेलेले होते.

पाचही तक्रारी अशा उलगडल्यानंतर काकूंनी एक वही घेतली आणि मी सांगेन तसे लिहू लागल्या. प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे 'किती संगणक' असा रकाना त्यांनी आखला होता. तो खोडून मी तेथे 'काय मोजते' असे लिहायला सांगितले, कारण या घराचा घोटाळा त्या पहिल्या रकान्यामुळेच झाला होता. ओईएम विंडोज बोर्ड मोजते. लॅपटॉपबरोबर आलेले ऑफिस यंत्र मोजते. अँटिव्हायरस बसवण्याच्या जागा मोजते, मग त्या जागेवरचे यंत्र जिवंत असो वा मेलेले. काकूंची अडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरची वर्गणी माणूस मोजते : एकाच व्यक्तीने दोन संगणकांवर सक्रिय ठेवावे, पण एका वेळी एकावरच चालवावे; तिसऱ्यावर शिरू लागले की आधीच्या एखाद्यावरून बाहेर पडायला सांगते. मुलाचे कॉलेजकडून मिळालेले ऑफिसचे खाते त्याचे विद्यार्थी असणे मोजते, आणि शिक्षण संपले की तेही संपेल.

आणि काकूंचे श्री-लिपी कुलूप मोजते. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे हे सॉफ्टवेअर मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या किमान एका पिढीच्या हातात बसलेले आहे. त्याबरोबर संगणकाला लावायचे एक छोटे उपकरण येते, ज्याला या व्यवसायातले सगळे नुसते 'लॉक' म्हणतात. लॉक ज्या यंत्राला लावाल त्या यंत्रावर सॉफ्टवेअर चालेल. कोणते यंत्र, कोणाचे, कितवे, याच्याशी लॉकला देणेघेणे नाही. बोर्ड जळाला त्या रात्री काकूंना सकाळी आठला एका पत्रिकेचा प्रूफ द्यायचा होता. त्यांनी लॉक काढून जुन्या लॅपटॉपला लावला, सेटअप आणि लॉकचा ड्रायव्हर बसवला, आणि बाराच्या आत काम उरकले. घरातील सगळ्यांत जुनी पद्धत त्या आठवड्यात सगळ्यांत कमी अडली. तिचा तोटाही तितकाच ठोस आहे, लॉक हरवला तर परवानाच हरवला. म्हणून काकू तो हळदीकुंकवाला मिळालेल्या एका स्टीलच्या डबीत ठेवतात आणि ती डबी कोणाला हलवू देत नाहीत. जाताजाता एक गोष्ट लक्षात आली, की मुलाने कॉलेजच्या गॅदरिंगच्या पत्रकासाठी आईच्या यंत्रातील श्री-लिपीच्या फॉन्टच्या फायली तेवढ्या आपल्या लॅपटॉपवर घेतल्या होत्या. लॉक न लावता फॉन्ट दिसतात, म्हणून ते सुटे आहेत असा त्याचा समज होता. फॉन्ट हेही त्या परवान्याचाच भाग असतात. त्याने ते काढले आणि मोफत मिळणारे युनिकोड फॉन्ट घेतले.

वही भरत असताना मुलीने सहज सांगितले, की २०२३ पासून ती मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीची वर्गणी भरते आहे. घरात कोणाच्याच हे ध्यानात नव्हते, किंवा ध्यानात असून त्याचा अर्थ कळलेला नव्हता. ही वर्गणी माणसे मोजते, एकूण सहा. प्रत्येक माणसाला एक टेराबाइटची स्वतंत्र जागा मिळते, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येकाने कितीही यंत्रांवर ऑफिस बसवावे, मात्र एका वेळी पाचांवरच प्रवेश केलेला असावा, असा नियम आहे. या घरातले सगळे मुलीच्याच एका खात्याने आत शिरत होते. त्यामुळे यंत्रे आणि मोबाइल मिळून पाचाची मर्यादा ओलांडली जाई आणि कोणीतरी बाहेर फेकला जाई. संस्थेच्या थकबाकीच्या याद्या आणि अनोळखी नवरा-नवरींच्या पत्रिका तिच्या खाजगी फोटोंशेजारी येऊन बसल्या होत्या, ते वेगळेच. घरात पाच जागा रिकाम्या असताना काका लॅपटॉपचे ऑफिस ओढून डेस्कटॉपवर नेण्याचा प्रयत्न करत होते. मुलीने चौघांना निमंत्रणे पाठवली; वीस मिनिटांत प्रत्येकाचे खाते वेगळे झाले.

येथे प्रकरण संपले असते, तर मी ते लिहिण्याचा खटाटोप केला नसता. संख्येचा प्रश्न सुटल्यावर त्याच्याखाली दडलेला दुसरा प्रश्न वर आला, आणि माझ्या मते तोच मोठा होता. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची फॅमिली वर्गणी आणि ऑफिस २०२१ ची होम अँड स्टुडंट आवृत्ती, दोन्हींचे परवाने अव्यावसायिक वापरासाठी आहेत. घरात कितीही जागा मोकळ्या असल्या, तरी काकूंनी प्रकाशकाला पाठवायचे बिल किंवा काकांनी मानधनाच्या संस्थेचा अहवाल त्यावर करणे कराराबाहेर जाते.

काकांचा यावर युक्तिवाद होता. मानधन म्हणजे धंदा नव्हे. रिक्षाभाडेसुद्धा त्यातून जेमतेम सुटते. आणि काम घरात बसूनच होते. मला त्यांचा एक तृतीयांश युक्तिवाद पटला. स्वतःच्या इमारतीचे हिशेब कोणताही मोबदला न घेता पाहणे याला व्यवसाय म्हणणे ओढूनताणून होईल. दुसऱ्या दोन संस्थांकडून दरमहा पैसे घेऊन तेच काम करणे हा व्यवसायच आहे; रक्कम लहान आहे म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर केले म्हणून तर नाहीच. काकूंनी वाद घातला नाही. वीस वर्षे पावतीपुस्तक ठेवणाऱ्या माणसाला आपला व्यवसाय आहे की नाही हे कोणी सांगावे लागत नाही.

'होम' हा शब्द येथे विशेष फसवा आहे, म्हणून थोडे थांबतो. विंडोज ११ होममधील 'होम' हे केवळ आवृत्तीचे नाव आहे. प्रोमधील काही सोयी तीत नाहीत, परंतु तीवर दुकानाचे हिशेब करायला परवान्याची आडकाठी नाही. ऑफिस २०२१ च्या होम अँड स्टुडंटमधील 'होम' ही मात्र अट आहे. शब्द एक, कंपनी एक, अर्थ दोन. काकूंना वाटत होते की विंडोज होमवर धंद्याचे काम करणे नियमबाह्य आहे आणि ऑफिसवर ठीक आहे. खरी स्थिती बरोबर उलटी होती.

कायद्याकडे पाहिले तरी घर आणि धंदा ही रेघ तेथेही सापडते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. कलम ५२ मधील (१)(एए) हे उपकलम प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो ज्या कारणासाठी मिळाला त्यासाठी वापरण्यापुरती, आणि नाश किंवा नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव, प्रत करण्याची मुभा देते. काकांनी 'बॅकअप म्हणून दुसऱ्या संगणकावर' हा मुद्दा काढला होता. पण दुसऱ्या यंत्रावर रोज वापरली जाणारी प्रत राखीव ठरत नाही. कलम ६३-बी नुसार उल्लंघन करणारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर फायद्यासाठी किंवा व्यापार-व्यवसायात झालेला नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. कोणी पोलिस कोथरूडच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप तपासायला येईल अशी भीती घालण्यासाठी मी हे सांगितले नाही. कायदा बनवणाऱ्यांनाही फायद्यासाठीचा वापर आणि घरगुती वापर वेगळा वाटला, हे काकांना दाखवायचे होते. 'पैसे भरले म्हणजे माझे' या त्यांच्या मुद्द्यालाही उत्तर आहे : सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी, आयकराच्या एका मोठ्या वादाच्या निमित्ताने का होईना, हे स्पष्ट केले, की असे सॉफ्टवेअर घेणाऱ्याला मिळते ती प्रत वापरण्याची परवानगी, त्यातील कॉपीराइट मूळ मालकाकडेच राहतो.

मग केले काय? डेस्कटॉपसाठी विंडोज ११ होमचा सुटा, रिटेल परवाना घेतला. तो ओईएमपेक्षा महाग पडला आणि काकांनी त्यावर दोनदा घासाघीस केली, पण पुढच्या वळवाच्या पावसात बोर्ड गेला तर तो सोबत येईल. तो काकूंच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवला, म्हणजे हार्डवेअर बदलल्याचे सांगून पुन्हा सक्रिय करताना शोधाशोध करावी लागणार नाही. काकूंची बिले आणि काकांचे मानधनाच्या संस्थांचे काम लिबरऑफिस या ऑफिससारख्याच दुसऱ्या संचावर नेले. ते विनामूल्य आहे, व्यावसायिक वापराला त्यात अडसर नाही, आणि घरातील चारही काय, चाळीस यंत्रांवर बसवले तरी कोणी मोजत नाही. त्याचा त्रास नाही असे नाही. संस्थेचे लेखापरीक्षक एक्सेलची जी फाइल पाठवतात तिच्यातील मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे आदेश, लिबरऑफिसमध्ये नीट चालले नाहीत, आणि पहिल्या महिन्यात काकांनी मला तीनदा फोन केला. शेवटी लेखापरीक्षकांनीच मॅक्रोविना साधी फाइल पाठवायचे मान्य केले. ती अडचण सुटली नसती, तर व्यावसायिक वापराची मुभा देणारी ऑफिसची होम अँड बिझनेस आवृत्ती घ्यावी लागली असती आणि तसे मी त्यांना सांगूनही ठेवले होते.

आजींच्या लॅपटॉपचे वय विंडोज ११ ला चालणारे नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षेची एका वर्षाची जी सोय जाहीर झाली, तीत आजींचे यंत्र ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नोंदवले. ही सोय मायक्रोसॉफ्ट खात्यामागे दहा यंत्रांपर्यंत चालते. वहीत काकूंनी तिच्यापुढे 'खाते मोजते' असे लिहिले आणि खाली कंसात '१३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नंतर आजींना नवा' असे लिहून ठेवले. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातले इंग्रजी गेले यावर त्या खूश होत्या.

राहता राहिली टॅली. काकूंनी डेस्कटॉपवर आणि काकांनी लॅपटॉपवर एकाच वेळी नोंदी कराव्यात, ही घरातली मूळ इच्छा सिल्व्हर परवान्यात बसत नाही. परवाना लॅपटॉपवरून सोडून, म्हणजे सरेंडर करून, डेस्कटॉपवर घेता येतो; दोन्हीकडे ठेवता येत नाही. गोल्डचा दर मी काढून दिला. काकांनी तो कागद चष्मा काढून आणि पुन्हा लावून वाचला, दोन संस्थांच्या वर्षभराच्या मानधनाशी ताडून पाहिला आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवला. आता संध्याकाळी जेवणे झाली की ते लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत नेतात, काकू व्हाउचर भरतात आणि काका शेजारी बसून पावत्या वाचून दाखवतात.